लिहून स्वतःबद्दल काही कळतं, की नुसतं लिहिता येतं?

दहा_नंबर_फलाट
गेल्या महिन्यात ठाण्यात एका कार्यशाळेला गेलो होतो. लेखनातून स्वतःचा शोध असा विषय होता. रविवार सकाळ, पंधरावीस माणसं, फी साडेतीन हजार, मध्ये उपमा आणि चहा. (कुठली ते विचारू नका, आयोजक भली माणसं होती.) शेवटचा स्वाध्याय असा: दहा वर्षांच्या स्वतःला पत्र लिहा.

मी आयुष्यात स्टेटस रिपोर्टपलीकडे काही लिहिलेलं नाही. पण त्या दिवशी पेन सुटलंच. खिडकीत एकटा बसलेला मुलगा, उशिरा घरी येणारे बाबा, त्याला कुणी काही विचारत नाही, वगैरे. वाचून दाखवलं. समोरच्या बाईंनी डोळे पुसले. टाळ्या झाल्या.

परत येताना रिक्षात लक्षात आलं की यातलं काहीच झालेलं नाही. दहा वर्षांचा असताना मी वर्तकनगरला दिवेलागणीपर्यंत क्रिकेट खेळायचो. बाबा साडेपाचला घरात असायचे. आणि आमच्या खिडकीत बसायला जागाच नव्हती, तिथे लोणच्याच्या बरण्या असायच्या.

खोटं लिहायचं असं काही ठरवलं नव्हतं हो. मग हा मुलगा आला कुठून?

तर प्रश्न असा: कविता, डायरी, गोष्ट असं काही लिहून तुम्हाला स्वतःबद्दल आधी माहीत नसलेलं काही कळलंय का? की आजवर वाचलेलं-पाहिलेलंच बाहेर पडतं आणि आपण त्याला ‘मी’ म्हणतो? अनुभव असेल तर नेमकं काय लिहीत होता तेही सांगा. ‘लिहीत राहा, आपोआप कळेल’ हे कृपया नको, ते तिथे सांगून झालंय.

पुदिना
साडेतीन हजारात उपमा?? मामलेदारची मिसळ ठेवली असती तर सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी आलं असतं. आणि ते खरं असतं.

खारघरची_टेकडी
मी फोनवर चारोळ्या लिहिते, ट्रेनमध्ये. लिहिलं की मोकळं वाटतं. बस. त्यातून शोध वगैरे लागलाच पाहिजे का? प्रत्येक गोष्टीचा काहीतरी फायदा दाखवायलाच हवा असं झालंय हल्ली.

मात्रा_मोजणारा
धागाकर्त्यांनी निदान रिक्षात स्वतःला पकडलं. बहुतेकांना ते पत्र खरंच वाटत राहतं आणि पुढच्या दिवाळी अंकात ‘माझं एकाकी बालपण’ म्हणून छापून येतं.

कारण सरळ आहे. समोर माणसं बसलेली, शेवटी वाचायचंय हे आधीच माहीत. अशा वेळी हात तेच लिहितो ज्याला दाद मिळते. मी बरीच वर्षं गझल लिहितो, त्यामुळे हे आतून माहीत आहे. काफिया, म्हणजे यमक, आधी सुचतो, भावना मागाहून येऊन चिकटते. ‘रात’ आली की ‘हात’ येतो, हात आला की तो सुटतो. माझी बायको रोज सकाळी समोर बसून पोहे खाते आणि माझ्या गझलेत ती गेली पंधरा वर्षं सोडून गेलेली आहे.

कविता ही घडवायची वस्तू आहे. स्वतःचा शोध हवा असेल तर रक्त तपासून घ्या, व्हिटॅमिन डी हमखास कमी निघेल. (हलके घ्या.)

पुदिना
वहिनींनी गझला वाचल्यात का?

मात्रा_मोजणारा
ती म्हणते, ‘गेलेच असते, पण पोहे कोण करेल?’

नौपाडा_माहेर
मात्रा, पहिली अर्धी गोष्ट पटली, दुसरी नाही. छंद खोटं बोलायला लावतो हे खरं. पण तुम्ही अडून बसलात तर तोच छंद ते खोटं उघडंही पाडतो. माझा अनुभव सांगते.

आमच्या माहेरची नौपाड्यातली बिल्डिंग पुनर्विकासाला गेली. घर रिकामं करून दिलं त्या आठवड्यात मी अभंग लिहायला घेतला. अभंगच का? कारण मुक्तछंदात लिहिलेलं सगळं व्हॉट्सअॅप फॉरवर्डसारखं वाटत होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मोठ्या अभंगात चार चरण असतात, अक्षरं सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं. शेवटच्या चरणाला चारच अक्षरं, त्यामुळे तिथे पसारा मांडताच येत नाही.

लिहिलं ते असं:

चाव्या बिल्डरला
दिल्या मोजूनिया
आईची ती चर्या
दुःखी फार

अक्षरं बसली, यमक बसलं. पण ‘दुःखी फार’ वाचताना कसंतरीच व्हायला लागलं. इतकी कमी जागा आणि त्यात ‘फार’! म्हणून ती चार अक्षरं बदलायला बसले. बदलायची म्हणजे त्या दिवशी आईचा चेहरा नेमका कसा होता ते आठवायला हवं. आठवला. आई हसत होती! चौथा मजला, लिफ्ट नाही, गुडघ्यांची वाट लागलेली. ती बिल्डरच्या माणसाला विचारत होती, ‘लिफ्टमध्ये खुर्ची ठेवता येईल ना हो?’

दुःख मला झालं होतं. लग्न होऊन बाहेर पडून इतकी वर्षं झाली, घरावर हक्क सांगायचा नव्हता, आणि तरी रडू येत होतं. त्याची लाज वाटत होती म्हणून ते आईच्या नावावर खपवलं. आता शेवटचा चरण ‘हसरीच’ असा आहे. कविता म्हणून कशी आहे ते तुम्ही ठरवा. मला जे कळायचं ते त्या चार अक्षरांपायी कळलं.

खारघरची_टेकडी
अरे वा. ‘हसरीच’मधला ‘च’ कसला बसलाय.

कळव्याची_कोकणी
माहेर, तुझ्या आईला नमस्कार सांग. लिफ्टमध्ये खुर्ची!

मात्रांचं ‘समोर माणसं असली की खोटं लिहिलं जातं’ हे मला मुळीच पटलेलं नाही. जात्यावरच्या ओव्या घ्या. पहाटे दळायला दोघीजणी समोरासमोर बसायच्या, खुंटा दोघींच्या हातात. आमच्या आजीच्या वेळी समोर बसायची ती थोरली जाऊ. जिच्याशी भांडण तीच समोर. मग आजी जावेला बोलायचीच नाही, ‘बाई’ला सांगायची, रामाला सांगायची, सीतेच्या सासुरवासाचं गाऱ्हाणं गायची. अर्धी भाकरी, माहेरचं बंद झालेलं येणंजाणं, सगळं ओवीत. समोरची समजायची आणि पुढची ओवी घालून उत्तरही द्यायची. तोंडावर हे बोलली असती तर घर फुटलं असतं.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून अशा ओव्या जमवल्या, एक लाखाहून जास्त. त्या ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. ऐकून बघा आणि मग सांगा श्रोते असले की माणूस खोटंच बोलतो म्हणून.

आणि ‘लेखनातून’च का? बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्या म्हणायच्या, मुलगा सोपानदेव आणि घरातली माणसं उतरवून घ्यायची.

मात्रा_मोजणारा
कोकणी, बिनशर्त शरणागती. एवढंच म्हणेन की त्या बायकांना टाळ्या मिळणार नव्हत्या, पीठ मिळणार होतं.

अर्धविराम
मी वेगळं आणि थोडं कडू लिहितोय.

‘मनात येईल ते लिहून काढ’ हा सल्ला मी इमानदारीत पाळला. ऑफिसात एका वरिष्ठाशी पटत नव्हतं. रोज रात्री वही. त्याने काय केलं, तो कसा आहे, मी काय उत्तर द्यायला हवं होतं. वह्या भरल्या. झोप गेली. लिहून राग उतरत नव्हता, पाठ होत होता.

शेवटी ठाण्यातल्याच एका समुपदेशकांनी वही बंद करायला लावली नाही, पण रकाने पाडायला लावले. पहिल्यात घटना, एका वाक्यात. तिसऱ्यात मला काय वाटलं. मधला रकाना: त्या क्षणी मी स्वतःला काय सांगितलं. ही अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत आहे, मूळ माझी नाही.

पहिला आणि तिसरा रकाना माझ्या वह्यांमध्ये पानोपान होता. मधला कधीच नव्हता. उदाहरणार्थ, घटना: मेलमधून माझं नाव वगळलं. वाटलं: संताप. मधे काय? बराच वेळ काही सुचेना. मग लिहिलं, ‘मी नसलो तरी यांचं चालतं.’ ते लिहिल्यावर वरिष्ठ बाजूलाच राहिला. हे वाक्य मी घरी, मित्रांत, सगळीकडे स्वतःला ऐकवतो हे दिसायला लागलं.

त्यामुळे कविता-बिविता ठीक आहे, मला विचाराल तर तक्ता. गद्याहून गद्य.

शाईचा_डाग
मानसशास्त्र शिकवते, नेरूळला असते. अर्धविराम यांचा अनुभव महत्त्वाचा आहे, त्याला थोडी पार्श्वभूमी जोडते.

या विषयातला गाजलेला प्रयोग १९८६चा, अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सॅन्ड्रा बील यांनी केलेला. ४६ विद्यार्थी, सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं लेखन. काहींना किरकोळ विषय दिले, काहींना आयुष्यातला क्लेशकारक प्रसंग. प्रसंगवाल्यांतही गट होते: फक्त घटना लिहिणारे, फक्त भावना लिहिणारे, आणि दोन्ही लिहिणारे. दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्या झाल्या बरं वाटलं नाही, उलट जास्त वाईट वाटलं. पण पुढच्या महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यात त्यांच्या खेपा कमी झाल्या. (‘लिहिलं की लगेच मोकळं वाटतं’ हे म्हणून सगळ्यांना लागू नाही, टेकडी.)

याच्यावर नंतर इतकं काम झालं की २००६ साली १४६ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. परिणाम आहे, पण सरासरीने छोटा. चमत्कार सांगून फी घेणाऱ्यांनी हा दुसरा भाग वगळू नये.

मला सगळ्यात रस आहे तो शब्दांच्या मोजणीत. ज्यांना फायदा झाला त्यांच्या लेखनात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत काहीतरी बदलत गेलेलं होतं. ‘कारण’, ‘त्यामुळे’, ‘आता कळतंय’ या जातीचे शब्द वाढत गेले. सर्वनामंही हलत राहिली, म्हणजे एक दिवस ‘मी मी’, दुसऱ्या दिवशी ‘तो’, ‘ती’, ‘आम्ही’. रोज तेच, त्याच जागेवरून लिहिणाऱ्यांना तेवढा फायदा दिसला नाही. अर्धविराम यांच्या वह्या अडल्या त्या इथेच. आणि माहेरच्या अभंगात जे झालं ते याच्या उलट: दुःख ‘आई’कडून ‘मी’कडे आलं.

विद्यार्थ्यांना मी एवढंच करायला लावते: तोच प्रसंग दुसऱ्या दिवशी समोरच्याच्या तोंडून लिहा. अर्धविराम, तुम्ही त्या वरिष्ठाच्या बाजूने एक पान लिहून बघितलंत का?

एक व्यावहारिक सूचना. ताजी जखम असेल तर घाई नको. लिहिताना फार त्रास व्हायला लागला तर वही सरळ मिटायची, त्यात कमीपणा नाही. आणि मनाची अवस्था खरंच बिकट असेल तर वहीवर भागवू नका; टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा क्रमांक १४४१६ आहे.

अर्धविराम
वरिष्ठाच्या बाजूने? सध्या अर्धं पान होतं, ते छापण्यासारखं नाही.

बोरूबहाद्दर
सगळे विद्वान आहेत पण मुख्य अडचण कुणी बोललंच नाही. ठेवायची कुठे ही वही? वन बीएचके, चार माणसं, एक कपाट. कॉलेजात असताना माझी डायरी काकूने वाचली आणि जेवताना सगळ्यांसमोर त्यातलं एक वाक्य म्हणून दाखवलं. त्यानंतर मी कितीतरी वर्षं ‘आज छान पाऊस पडला’ एवढंच लिहायचो.

उपाय सापडला तो असा: मोडी लिपी शिकलो. आजोबांची जुनी कागदपत्रं वाचायला म्हणून शिकलो होतो, पण घरात दुसऱ्या कुणालाच येत नाही हे लक्षात आल्यावर डायरी मोडीत सुरू केली. वही आता टीव्हीवर उघडी पडलेली असते. मुलगी म्हणते बाबा गुजराती शिकतायत.

शिवाय मोडीत ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. शुद्धलेखनाची भीती गेली की माणूस निम्मं खरं तिथेच लिहितो.

पुदिना
बोरूभाऊ, काकू मोडी शिकतायत अशी आतली बातमी आहे.

खारघरची_टेकडी
बोरू +१. म्हणून तर फोनवर लिहिते, पासवर्ड आहे. पण एक आहे, फोनवर मी फार खोडते. खोडलेलं दिसतच नाही परत. माहेरसारखं ‘आधी काय लिहिलं होतं’ हे माझ्याकडे नसतंच.

नौपाडा_माहेर
टेकडी, हा मुद्दा मोठा आहे! माझ्या वहीत ‘दुःखी फार’ अजून आहे, वर रेघ मारलेलं. रेघ मारायची, पुसायचं नाही.

कळव्याची_कोकणी
अवांतर: ठाण्यात शांतपणे बसून लिहायला जागा कुठली? तलावपाळीला संध्याकाळी बसले तर शेजारचे काका विचारायला लागले, ‘परीक्षा आहे का?’ माझं वय पन्नासच्या पुढे आहे.

मात्रा_मोजणारा
वाचनालयं आहेत की. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, तिथे आजवर कुणी परीक्षेबद्दल विचारलेलं ऐकिवात नाही.

बोरूबहाद्दर
जुनंच हवं असेल तर नगर वाचन मंदिर, १८५०. बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ची. ठाणेकर आधी वाचायला लागले, मग लोकलला लटकायला लागले.

पुदिना
उपवनला जा. तिथे सगळे सेल्फी काढण्यात गुंतलेले असतात, तुमच्याकडे कुणी बघणार नाही. स्वतःचा शोध तेही घेतच असतात म्हणा, फ्रंट कॅमेऱ्याने.

नेरूळकर_काका
हा धागा चिरंजीवांनी दाखविला. काही लिहावेसे वाटले. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रासायनिक कारखान्यात नोकरी केली. आधी कोपरीस राहत होतो, नंतर सिडकोच्या घरात नेरूळला आलो. मला कविता येत नाही. भावना लिहिण्याची सवय आमच्या पिढीस नव्हती. मी हिशेबाची वही लिहीत असे, आजही लिहितो. दूध, भाजी, रिक्षा, औषधे, आणि जागा उरली तर एक ओळ: ‘पाऊस जोरात. पहिली पाळी. भाऊजी आले होते.’

आमच्या घरात असे ठरलेले आहे की मला नाटकाची आवड नाही, सौ.स आहे, आणि ती मला ओढून नेते. मीही तसेच सांगत आलो. निवृत्तीनंतर रिकामा वेळ म्हणून जुन्या वह्या चाळल्या. गडकरी रंगायतन १९७८ साली सुरू झाले, त्याच्या आसपासच्या वर्षांतल्या या वह्या. ‘नाटक, २ तिकिटे’ अशा नोंदी होत्याच, त्यात नवल नाही. परंतु मधूनमधून ‘नाटक, १ तिकीट’ अशी नोंद सापडू लागली. तारखा ताडून पाहिल्या. सौ. बाळंतपणास माहेरी गेलेली. नंतर उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन गेलेली. मी एकटा, दुसरी पाळी नसेल त्या दिवशी, जाऊन नाटक पाहून आलो आहे. एकदा नव्हे, अनेकदा. मला स्वतःला याची आठवण राहिली नव्हती. लोक म्हणतात तसाच मी आहे असे धरून चाललो होतो.

सौ.स वही दाखविली. ती म्हणाली, ‘म्हणजे इतकी वर्षं मी उगीचच तुमची मनधरणी करत होते.’

धागाकर्त्यांना माझे सांगणे एवढेच की ‘मी कसा आहे’ असे लिहू नये. काय केले, किती खर्च झाला, कोण आले, हे लिहावे. दोन ओळी पुरे. लगेच वाचू नये.

पुदिना
काका. आज पहिल्यांदा माझ्याकडे विनोद नाही.

शाईचा_डाग
‘नाटक, १ तिकीट’ वर्गात सांगू का? नाव न घेता.

नेरूळकर_काका
अवश्य. तिकिटाचा दर विचारल्यास तोही सांगू शकेन, लिहिलेला आहे.

मात्रा_मोजणारा
काकांनी आमच्या सगळ्यांच्या दुकानाला टाळं लावलं. पण एक शंका: हे लेखनातून कळलं म्हणायचं की वाचनातून? काकांनी लिहिलं तेव्हा काहीच कळलं नव्हतं. कळलं ते नंतर, परक्यासारखं वाचताना. माहेरनाही लिहिताना ‘दुःखी फार’ खरंच वाटलं होतं. धागाकर्ते रिक्षात बसले तेव्हाच त्यांना दिसलं. म्हणजे कार्यशाळा घ्यायचीच तर मागच्या वर्षीच्या वह्या वाचायची घ्या, लिहायची नको.

अर्धविराम
पण मुळात लिहिलेलंच नसेल तर वाचणार काय? माझा मधला रकाना लिहिताना सुचला, नंतर नाही. पेन हातात धरून अडकलो होतो म्हणून सुचला.

कळव्याची_कोकणी
आणि ओवी तर कागदावरच नव्हती. दळण संपलं की संपली.

मात्रा_मोजणारा
बरं, तीन मतं, तीन वह्या. मूळ प्रश्नकर्ते कुठे गायब आहेत? धागा काढून लोक पसार होतात आणि आम्ही इथे मोडीपर्यंत पोहोचतो.

दहा_नंबर_फलाट
इथेच आहे, वाचत होतो. सगळ्यांचे आभार, विशेषतः काकांचे आणि माहेर यांचे.

खिडकीतल्या मुलाबद्दल आधी. बायकोला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘हा तू नाहीस, हा आपला मुलगा आहे.’ बाबा उशिरा घरी येतात ते त्याचे. मी. शाईचा_डाग यांनी सर्वनामांचं लिहिलंय ते वाचून पुन्हा पत्र काढलं, ‘मी’च्या जागी ‘तो’ घालून वाचलं, आणि पुढे वाचवेना. त्यामुळे ‘खोटं’ हा शब्द मी मागे घेतो की नाही, अजून ठरत नाही. घटना खोट्याच आहेत. नाहीतर लोणच्याच्या बरण्यांचं काय करायचं?

मग काकांची पद्धत धरली. रोज दोन ओळी, फोनवर नाही, वहीत. ऑफिस ऐरोलीला, घर ठाण्याला, तेव्हा नोंदी अगदीच किरकोळ: कितीची गाडी, स्टेशनबाहेर चहा, काय दर, घरी किती वाजता. भावना एक नाही. काका, तुम्ही ‘लगेच वाचू नये’ म्हणाला होतात, मी जरा लवकरच वाचलं. ऐरोली ते ठाणे गाडीत फार वेळ जात नाही, मध्ये एक दिघा. तरी घरी पोहोचायची वेळ बघितली की हिशेब लागत नाही. चहा मात्र रोज दोन आहेत.

मी सगळ्यांना सांगतो, कामामुळे उशीर होतो.

माहेर यांच्या नादाने अभंगही केला. पहिलाच आहे, सांभाळून घ्या:

ऐरोलीचा चहा
दुसराही प्यालो
घरी उशिरा गेलो
मुद्दामच

नौपाडा_माहेर
‘मुद्दामच.’ काही बोलत नाही.

नेरूळकर_काका
चहाचा दर लिहीत जा.

मात्रा_मोजणारा
चांगला आहे, खरंच. पण तिसऱ्या चरणात सात अक्षरं झालीत, मोजा. ‘उशिराच गेलो’ करा, सहात बसतं, यमकही राहतं.

दहा_नंबर_फलाट
केलं होतं तसं. पण मग ‘घरी’ जातं. कुठे उशिरा गेलो तेच राहत नाही, ऑफिसला पण असू शकतं. ‘घरी’ काढायचं नाहीये. राहू दे सात.

मात्रा_मोजणारा
मग त्याला अभंग म्हणू नका. मुक्तछंद म्हणा, तिथे सात काय, सतरा चालतात.

दहा_नंबर_फलाट
मुक्तछंद तर मुक्तछंद. आता निघतो, ६:१०ची पकडायची आहे.